डाइव्ह वॉच घेताना आधी जाडी बघा, मग किंमत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मनगट साडेसहा इंचाचं, जुन्या धाटणीचं डाइव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली वापरायचं घड्याळ, घ्यायचंय आणि यादीत तीन उरलीत. एक छोट्या ब्रँडचं ३९ मिमीचं, आत मियोटा या जपानी कंपनीचं मुव्हमेंट (घड्याळाचं यंत्र), सहाशे डॉलरच्या आसपास. दुसरं सेकोचं एसपीबी१४३, जे २०२० ला आलं तेव्हा १२०० डॉलरचं होतं. तिसरं टुडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट, म्हणजे सेकोच्या तिप्पट किंवा वरच. फोटोत तिन्ही जवळपास सारखीच दिसतात, मग सहापट पैसे नेमके कशाचे, आणि ३९ आणि ४०.५ मध्ये मनगटावर काही कळतं का?

ही घड्याळं माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा केस (बाहेरची स्टीलची पेटी) वेगळी, डायल (तबकडी) वेगळं, मुव्हमेंट वेगळं अशी सुटी होऊन टेबलावर पडलेली असतात, त्यामुळे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा: डाइव्ह वॉचमध्ये जवळजवळ सगळं नंतर बदलता येतं. पट्टा बदलतो, बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची, इन्सर्ट (त्यावरची आकड्यांची चकती) बदलते, मुव्हमेंट पुढेमागे पळत असेल तर रेग्युलेट करता येतं, अगदीच गेलं तर नवीन टाकता येतं. केसचं प्रमाण मात्र घेतलं त्या दिवशी जे असतं तेच शेवटपर्यंत राहतं. म्हणून पैसे मोजायचे ते आधी प्रमाणाचे, बाकीचं नंतर. आणि गंमत म्हणजे लोक मोजतात नेमके उलटे, आधी मुव्हमेंट कुठलं विचारतात, मग नाव, मग डायमीटर, आणि जाडी घड्याळ हातात पडल्यावर कळते.

डायमीटर या आकड्यावर फार विसंबू नका. डॉक्साचं सब ३०० बघा, ४२.५ मिमी म्हणून लोक घाबरतात, पण केस गादीच्या आकाराची असल्यामुळे वरच्या लगच्या (पट्टा अडकतो त्या पायाच्या) टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर, म्हणजे लग-टू-लग, फक्त ४५ मिमी आहे. बारीक मनगटावर छान बसतं. उलट लॉन्जिन्सचं लेजंड डायव्हर २००७ पासून ४२ मिमीत होतं, लग लांब, लग-टू-लग ५२ च्या आसपास, आणि त्यावर वेगळं बेझल नाही, सगळं डायलच. ते ४२ चं असून ४४ चं वाटायचं. २०२३ ला त्यांनी ३९ मिमीत काढलं तेव्हा कित्येक जण म्हणाले की हेच आधी का नाही काढलं. तेव्हा मोजायचं काय, तर मनगटाचा घेर नाही, वरची सपाट रुंदी. हात टेबलावर सरळ ठेवा, जिथे घड्याळ बसतं तिथे वरून पट्टी आडवी ठेवा आणि मनगटाचा गोलावा खाली उतरायला लागतो तिथपर्यंतच मोजा. साडेसहा इंचाच्या मनगटाला बहुतेकदा ५० ते ५५ मिमी मिळते पण माणसागणिक बदलते, कुणाचं मनगट चपटं, कुणाचं गोल. गोल मनगटावर ४८ मिमीसुद्धा टोकं हवेत ठेवू शकतं.

आता तुमच्या तिन्ही घड्याळांचं लग-टू-लग बघा. सेको ४७.६, टुडर ४७.७ च्या आसपास, आणि छोट्या ब्रँडची बरीचशी ३९ मिमीची घड्याळं ४७ ते ४८ च्या मध्येच असतात. म्हणजे या बाबतीत तिन्ही एकच. ३९ आणि ४०.५ मधला दीड मिमी तुम्हाला स्पेक शीटवर दिसतोय, मनगटावर तो जवळजवळ नाहीच.

फरक आहे तो जाडीत. फिफ्टी-एट ११.९ मिमी, सेको १३.२. मी जाडीला डायमीटरने भागून बघतो, सोपा हिशोब आहे. टुडरचं येतं ०.३०५, सेकोचं ०.३२६. पॉइंट तीनच्या जवळ असेल तर घड्याळ चपटं आणि पसरलेलं दिसतं, पॉइंट पस्तीसकडे गेलं की डबा दिसायला लागतो. हा काही कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझी सवय आहे, पण सहसा चुकत नाही. टुडरचंच उदाहरण घ्या. पहिलं ब्लॅक बे २०१२ ला आलं, ४१ मिमी, आत ईटीए या स्विस कंपनीचं मुव्हमेंट, जाडी ठीकठाक. २०१६ ला त्यांनी स्वतःचं एमटी५६०२ टाकलं, जे एकटंच साडेसहा मिमी जाड आहे, आणि घड्याळ पावणेपंधरा मिमीच्या घरात गेलं. डायल, काटे, बेझल जवळजवळ तेच, पण बाजूने बघितलं की भिंत. गुणोत्तर ०.३६. मुव्हमेंट सरस होतं यात वाद नाही, ७० तासांचा पॉवर रिझर्व्ह (एकदा पूर्ण चावी भरली की तेवढं चालतं), सिलिकॉन हेअरस्प्रिंग, अचूकतेचं क्रोनोमीटर सर्टिफिकेट, सगळं होतं, तरी लोक जुनं ईटीएवालं शोधत फिरायचे. मग २०१८ ला फिफ्टी-एट आलं, लहान एमटी५४०२ घेऊन, आणि ते उचललं गेलं त्याचं मोठं कारण ही जाडीच आहे असं मी मानतो. सोनेरी छटेचं डायल वगैरे नंतर.

पण मुव्हमेंट पातळ म्हणून घड्याळ पातळ, इतकं ते सरळ नसतं हेही सांगायला हवं. एमटी५४०२ जवळपास ५ मिमीचं आहे आणि सेकोचं ६आर३५ पण जवळपास तेवढंच. मियोटा ९०३९ तर ३.९ मिमीचं, सर्वात पातळ. तरी पातळ मियोटावालं घड्याळ १२-१३ चं निघतं आणि जाड मुव्हमेंटचं टुडर ११.९ चं. मग बाकीचे मिलिमीटर जातात कुठे? काच, काचेखालची मोकळी जागा, काट्यांची उंची, मागचं झाकण. दोनशे मीटरवर पाण्याचा दाब साधारण २० बार असतो, म्हणजे ३० मिमीच्या काचेवर जवळपास १४० किलोचा भार. काच ३२ मिमीची केली की तोच भार १६० च्या वर जातो. आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे डाइव्हरचं घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाला तपासायचं असतं, सो काच जाड, झाकण जाड, मधे गॅस्केटला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, जागा. हे सगळं जाड ठेवून सुरक्षित करणं स्वस्तात होतं. पातळ ठेवून सुरक्षित करायला मशीनिंग काटेकोर लागतं, आटे नीट लागतात, प्रत्येक पार्टच्या मापातला फरक कमी ठेवावा लागतो, आणि तिथे पैसे जातात. स्पेक शीटवर या खर्चाला स्वतंत्र ओळ नसते, म्हणून कुणी विचारतही नाही.

आणि जाडीचा आकडा बघताना एक खोड लक्षात ठेवा, काही ब्रँड काच सोडून जाडी सांगतात. फुगीर काच असेल तर दीड-दोन मिमी सहज लपतात. खरं तर फुगीर काचेची जाडी मला खटकत नाही, कारण ती पारदर्शक आहे, डोळा तिला वजन देत नाही. डोळ्याला दिसते ती मधली केस, लगच्या वरून खालपर्यंतची स्टीलची पट्टी. रोलेक्सच्या जुन्या सबमरिनरची, जुन्या सेकोची खुबी हीच होती, मधली केस बारीक, वर अ‍ॅक्रिलिकची फुगलेली काच, खाली झाकण मनगटात थोडं रुतणारं. एकूण जाडी कमी नव्हतीच, पण ती वर आणि खाली वाटून दिलेली होती. म्हणून १३ मिमीचं एक घड्याळ नाजूक दिसतं आणि १२ चं दुसरं विटेसारखं. विकणाऱ्याकडे बाजूचा फोटो मागा, नऊच्या बाजूने, डोळ्याच्या पातळीवरून घेतलेला. जे ब्रँड बाजूचा फोटोच टाकत नाहीत त्यांच्याकडे टाकण्यासारखं काही नसतं.

सेकोची बाजू घ्यायची तर एसपीबी१४३ मध्ये हे वाटप बऱ्यापैकी जमलंय. १९६५ च्या ६२मास वरून घेतलेलं आहे, सेकोचं पहिलं डाइव्ह वॉच ते, १५० मीटरचं. त्याआधी २०१७ ला एसपीबी०५१ काढलं होतं ४२.६ मिमीत, ते मला कधीच पटलं नाही, बोजड होतं. १४३ मध्ये लगवर ब्रश केलेला सपाट भाग आणि बाजूचा पॉलिश यांच्यामधली कड इतकी साफ आहे की या किमतीत शोधून सापडणार नाही. भिंगाखाली बघाल तर ती कड सरळ रेषेत जाते, कुठेही वितळल्यासारखी गोल होत नाही. स्वस्त केसमध्ये नेमकं इथेच कळतं, ब्रश आणि पॉलिश एकमेकांत मिसळतात आणि सगळं साबण लावल्यासारखं गुळगुळीत दिसतं.

बेझल आणि डायल यांचं नातं हा पुढचा मुद्दा. रुंद बेझल असलं की आतलं डायल लहान, आणि डोळा घड्याळाचा आकार डायलवरून ठरवतो. म्हणून ३९ चं डाइव्ह वॉच ३६ च्या साध्या ड्रेस वॉचपेक्षा लहान वाटू शकतं. मोठ्या घड्याळाची सवय असेल तर पहिले काही दिवस फिफ्टी-एट लहान वाटेल, ते त्यामुळे. मग तारखेची खिडकी. मुव्हमेंटची तारखेची चकती मध्यापासून किती लांब असेल ते मुव्हमेंटच्या आकाराने ठरलेलं असतं, ईटीए २८२४ किंवा सेलिटा एसडब्ल्यू२०० या स्विस मुव्हमेंटचा व्यास २५.६ मिमी आहे, ते ४२-४३ च्या केसमध्ये टाकलं की खिडकी मध्याकडे सरकलेली दिसते आणि तिच्या बाहेर डायल उगाच रिकामं राहतं. केस आधी फुगवली आणि मुव्हमेंट नंतर टाकलं याचा हा पुरावा, एकदा दिसला की दिसतच राहतो. ब्लॅक बे फिफ्टी-एटला तारीख नाही आणि मियोटा ९०३९ पण बिनतारखेचंच आहे, हे दोघांच्या फायद्याचंच. सेकोने तारीख साडेचारला कोपऱ्यात घातलीय, चालून जातं, पण माझं ऐकाल तर या जातीच्या घड्याळात तारीख नकोच.

बाय द वे, विंटेज म्हणजे लहान हे सगळीकडे खरं नाही. ब्लांपांचं फिफ्टी फॅदम्स १९५३ चं, ज्याच्यापासून ही सगळी वंशावळ मोजतात, तेच मुळात ४२ मिमीच्या आसपास होतं, त्या काळी ते अवाढव्यच म्हणायचं. फ्रेंच सैन्याच्या डायव्हर पथकाच्या बॉब मालुबिये आणि क्लोद रिफो यांनी काळ्या पाण्यात वाचता येईल असं घड्याळ मागितलं होतं आणि ते तसं झालं. त्याच वर्षाच्या सबमरिनरची आणि १९५४ च्या टुडर ७९२२ ची केस ३७ च्या आसपास होती. म्हणजे दोन घराणी पहिल्यापासूनच वेगळी. त्यामुळे कुणी ४२ चं घड्याळ विंटेज म्हणून विकत असेल तर लगेच खोटं म्हणू नका, कुठल्या घराण्यातलं आहे ते बघा, आणि मोठ्या डायलला शोभतील इतके मोठे आकडे आणि काटे आहेत का ते बघा. मोठं डायल आणि बारीक काटे, हे मात्र कुठल्याच घराण्यात नव्हतं.

जुनं दिसण्यासाठी जे केलेलं असतं त्याचे वेगळे पैसे देऊ नका. क्रीम रंगाचं ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) घ्या, ज्यावर इतके वाद होतात. आधी रेडियम, मग ट्रिटियम वापरायचे, वर्षानुवर्षांत ते पिवळं-तपकिरी पडायचं, आता तो रंग डब्यातूनच येतो, सुपर-ल्युमिनोव्हाची ओल्ड रेडियम नावाची छटाच आहे. दिसायला उबदार दिसतं पण अंधारात त्याच लेपाच्या सी३ नावाच्या हिरवट छटेइतकं उजळत नाही. सोनेरी अक्षरांचंही तसंच. जुन्या काळात पितळेच्या डायलवर अक्षरांची जागा झाकून बाकी सगळ्यावर काळा थर चढवायचे, मग झाकण काढलं की खालचं पितळच अक्षर म्हणून दिसायचं. भिंगातून बघितलं तर अक्षर काळ्या थराच्या खाली असतं, खोलगट. आजच्या बहुतेक डायलवर काळ्यावर सोनेरी शाई छापलेली असते, अक्षर वर उठून असतं. दिसतं छान, पण ती छपाई आहे आणि छपाईचा खर्च थोडा असतो. ब्रेसलेटच्या (स्टीलच्या कड्यांच्या पट्ट्याच्या) खोट्या रिव्हेटबद्दल तर बोलायलाच नको, टुडरने केलं तरी ते मला आवडत नाही.

इन्सर्ट मात्र बघा. जुन्या धाटणीला अ‍ॅल्युमिनियमच शोभतं, चमक कमी, रंग हळूहळू उतरतो, ओरखडे पडतात, आणि बदलायला स्वस्त. सिरॅमिकवर सहसा ओरखडा पडत नाही, पण जोरात आपटलं की तडकतं आणि मग नवीन घ्यावं लागतं. काचेत सफायर की अ‍ॅक्रिलिक हे तुमच्या स्वभावावर आहे, अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे भराभर पडतात पण घरच्या घरी पॉलिशच्या पेस्टने जातात.

आता पैसे. सहाशे डॉलरच्या घड्याळात मियोटा ९००० मालिकेचं मुव्हमेंट, ताशी २८८०० ठोक्यांचा बीट, ४२ तास, सफायर काच, २०० मीटर, हे सगळं मिळतं आणि वेळ दाखवण्याच्या बाबतीत यापुढे तुम्ही जे काही द्याल त्याचा परतावा पटकन कमी होत जातो. सेकोचं ६आर३५ सत्तर तास चालतं, पण कंपनी अचूकता सांगते दिवसाला अधिक २५ ते उणे १५ सेकंद. बाराशे डॉलरच्या घड्याळाला ही हमी मला कमीच वाटते. प्रत्यक्षात बरीच चांगली चालतात आणि चांगली न चालणारी रेग्युलेट होतात, पण फरक त्या मर्यादेत असेल तर तक्रारीला जागा उरत नाही. टुडर क्रोनोमीटर आहे, तिथे वेळेचा फरक खरा आहे आणि तो तुम्हाला रोज दिसेल.

त्यापेक्षा मोठा फरक ब्रेसलेट आणि क्लॅस्पमध्ये (ब्रेसलेट बंद करायच्या कडीत) आहे. दिवसभर हाताला लागतं ते हेच, डायलला तर तुम्ही बोटही लावत नाही. कड्यांमधली फट किती, घड्याळ आडवं धरून ब्रेसलेट हलवलं तर बाजूला किती झुकतं, क्लॅस्पचं पातं दाबून वाकवलेल्या पत्र्याचं आहे की सबंध तुकड्यातून कापलेलं, लगपाशी २० मिमी असेल तर क्लॅस्पपर्यंत १६ ला उतरतंय की तसंच रुंद राहतंय. छोटे ब्रँड केस चांगली करतात, डायल तर झकास, पण ब्रेसलेटमध्ये हात आखडतात. तसं असेल तर ब्रेसलेट न घेता रबर किंवा कापडी पट्ट्यावर घ्या आणि वाचलेले पैसे ठेवा. ३९ मिमीला लगची रुंदी २० हवी, २२ असेल तर वरचं डोकं लहान आणि पट्टा जाडजूड असं बेढब दिसतं.

सर्व्हिसचा हिशोब लोक धरतच नाहीत. मियोटा किंवा सेलिटा कुठलाही बरा कारागीर उघडतो, पार्ट मिळतात, आणि मियोटाचं तर सर्व्हिसपेक्षा आख्खं नवीन मुव्हमेंट टाकणं कधी कधी स्वस्त पडतं. टुडरचं मुव्हमेंट कंपनीकडेच जाणार. पाच-सात वर्षांनी एकदा सर्व्हिस धरली तर दोन सर्व्हिसच्या बिलात छोट्या ब्रँडचं एक घड्याळ बसायला हरकत नाही. उलट विकायला गेलात तर टुडरची किंमत छोट्या ब्रँडपेक्षा नक्कीच जास्त टिकते, छोट्या ब्रँडचं नाव चार वर्षांनी कुणाला आठवेल याची खात्री नसते. म्हणून टुडरचे पैसे बघताना एकूण किंमत बघू नका, पाच वर्षांनी विकलं तर किती जातील अधिक सर्व्हिस किती, एवढंच धरा. असा हिशोब मांडला की सहापट वाटणारा फरक बराच खाली येतो, नाहीसा मात्र होत नाही.

तुमच्यासाठी सांगायचं तर, हे तुमचं पहिलंच मेकॅनिकल घड्याळ असेल तर सहाशेवालं घ्या, पण त्याची काचेसकट जाडी साडेबाराच्या आत आहे, बेझलला १२० क्लिक असोत की ६०, उलट्या दिशेला ढिलं नाही, आणि बाराचा ठिपका डायलच्या बाराशी जुळतोय, एवढं बघूनच घ्या. ठिपका अर्धा मिनिट सरकलेला असेल तर सरळ परत करा, वापरता वापरता डोळ्याला सवय होईल असं दुकानदार सांगेल पण ती होत नाही. सेको घ्यायचं तर केसच्या त्या कडांसाठी घ्या आणि वापरलेलं घ्या, वापरलेल्यात ते बरंच खाली मिळतं. टुडरचं बजेट खरोखर असेल, कर्ज काढून नव्हे, तर फिफ्टी-एट फायनल करण्याआधी २०२३ चं फिफ्टी-फोर हातात घालून बघाच. ३७ मिमी, ११.२ जाडी, लग-टू-लग ४६, तेच २०० मीटर, आणि क्लॅस्पला हत्याराशिवाय लांबी कमी-जास्त करायची सोय. फोटोत बायकी वाटतं असं काही जण म्हणतात, ते सोडा. साडेसहा इंचाच्या, त्यातून गोल मनगटावर ते फिफ्टी-एटपेक्षा चांगलं बसायची शक्यता मला जास्त वाटते.